ऐंशी मिनिटांचं थोरलेपण

आमच्या शंखवेळेत मूल जन्मतं तेच मुळी नऊ महिन्यांचं. इथं वय मोजतात ते गर्भ राहिल्यापासून. शाळेत घालायचं, मत द्यायचं, लग्न लावायचं, सगळं त्याच वयावर. घाट चढून वर उंबरगडला गेलं की लोकांना हे शुद्ध खुळ्यासारखं वाटतं; तिथं पोर पहिल्यांदा रडलं की मग वय सुरू. माझा नवरा दौलत उंबरगडचा. तो सातव्या महिन्यात जन्मलेला, त्यामुळे जन्मानं तो माझ्याहून महिनाभर मोठा आणि गर्भानं मी त्याच्याहून मोठी. आमच्या लग्नात थोरलं कोण यावरून दोन्हीकडच्या आत्या तासभर भांडल्या आणि जेवण गार झालं.

असे दोन देश एका राजाखाली कसे राहिले, असं बाहेरचे विचारतात. आजूबाजूची सगळी संस्थानं कधीच मोठ्या झेंड्यांखाली विरघळली. ही दोन तेवढी राहिली, कारण एकशे चाळीस वर्षांपूर्वी दोघांच्या पंचांनी एका कागदावर सह्या केल्या. त्याला एकछत्र करार म्हणतात. कलम साधं आहे. राजा गेला की दोन्ही देशांनी आपापल्या कायद्यानं त्याचं थोरलं अपत्य शोधायचं. दोघांना एकच माणूस सापडला तर छत्र एक. वेगळी माणसं सापडली तर त्याच दिवशी छत्र दोन, घाटातले नाके बंद, आणि प्रत्येकानं नव्वद दिवसांत आपला देश निवडायचा. निवडलं की दुसऱ्या बाजूला वर्षातून आठ दिवस जायची मुभा.

एकशे चाळीस वर्षं ते कलम झोपून होतं. जे आधी पोटात येतं तेच आधी बाहेर येतं, मग दोन कायदे भांडणार कशावरून?

ते आमच्यामुळे भांडले. माझ्यामुळे आणि दौलतमुळे.

बावीस वर्षांपूर्वी राणीसाहेबांना मूल होत नव्हतं म्हणून शंखवेळेच्या भ्रूणशाळेत उपचार झाले. करारानुसार राजघराण्यातल्या जन्माला दोन्ही देशांचा एकेक साक्षीदार लागतो. शंखवेळेकडून मी, उंबरगडकडून दौलत शिरगे, दोघंही नवखे तंत्रज्ञ. तिथंच आमची ओळख झाली. आजही मला राग आला की मी त्याला शिरगेच म्हणते.

काम काय होतं ते सांगते. आईचं बीज आणि बापाचं बीज काचेच्या बशीत एकत्र आणतात आणि ती बशी पोटाइतक्या उबेच्या पेटीत ठेवतात. पेटीत एक कॅमेरा असतो, तो दर दहा मिनिटांनी फोटो काढतो. काही तासांनी बीजात दोन गोल ठिपके दिसतात, एक आईचा, एक बापाचा. ते सरकत सरकत जवळ येतात, त्यांच्या कडा विरतात आणि दोन्ही नाहीसे होतात. तिथं एक नवं माणूस सुरू झालं, असं आमच्या न्यायालयानं पूर्वीच ठरवलंय. न्यायालयानं आणखीही एक ठरवलंय. भ्रूण गोठवून ठेवला तरी वय मोजायचं थांबत नाही. आमच्या शेजारची ओवी सात वर्षांची असताना तिला मतदार यादीचं पत्र आलं, कारण ती चौदा वर्षं गोठलेली होती आणि मताला एकवीस पुरतात. सगळी आळी हसली. ओवीनं जाऊन मत दिलंसुद्धा.

राणीसाहेबांचे दोन भ्रूण तयार झाले, पेटीच्या शेजारशेजारच्या दोन कप्प्यांत. एका कप्प्यातले ठिपके सकाळी नऊ दहाला विरले, दुसऱ्यातले साडेदहाला. ऐंशी मिनिटांचं अंतर. आमच्या डॉक्टरांना करार पाठ होता. ते म्हणाले, जो आधी झाला तोच आधी राणीसाहेबांच्या पोटात गेला पाहिजे, म्हणजे पुढे कुठल्याच कायद्याला तोंड उघडायला जागा नको. मी वहीत लिहिलं, पहिला नऊ दहा, दुसरा साडेदहा. बशांवर मात्र काही लिहायचं नव्हतं. राजवाड्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला वाटत होतं, खूण केली तर कुणीतरी बशी बदलेल. पाचव्या दिवशी फोटो दिसायचा पडदा बंद करून पेटी उघडली. मी वही वाचून म्हटलं, "पहिला." दौलतनं बशी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. उरलेली माझ्या हातात दिली, ती मी गोठवली.

पहिल्याचे युवराज रणधीर झाले. दुसरा दहा वर्षं द्रव नायट्रोजनच्या टाकीत होता. तिथं इतकी थंडी असते की पेशीच्या आतलं सगळं जागच्या जागी थांबतं. दहा मिनिटं काय आणि दहा वर्षं काय, तिला कळत नाही. नायट्रोजन मात्र उडत राहतो. तो दर सोमवारी मी भरायचे, पट्टी बुडवून पातळी बघायचे. मग राणीसाहेबांनी दुसरं मूल मागितलं आणि उर्मिला जन्मली. आज ती अकरा वर्षांची आहे. आमच्या कायद्यानं बाविशीतली.

गेल्या महिन्यात राजेसाहेब गेले. आठव्या दिवशी आम्हा दोघांना दोन्ही देशांच्या मध्यकचेरीचं पत्र आलं. साक्षीला या, वहीतली नोंद खरी आहे असं सांगा, आणि पेटीतल्या कप्प्यांची आकृती काढून आणा. पेटीतली चित्रफीत कचेरीत मोहोरबंद आहे. दोन्ही साक्षीदारांनी नोंद खरी म्हटली तर ती न बघता नष्ट होणार. एकानं जरी हरकत घेतली तर उघडणार.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही टेबलाशी आकृत्या काढायला बसलो. दौलतनं दोन चौकोन काढले आणि उजव्या चौकोनात एक लिहिला.

"हे काय?" मी म्हटलं.

"काय?"

"एक उजवीकडे?"

"मग कुठं असतंय?"

मी माझा कागद त्याच्यासमोर सरकवला. माझा एक डावीकडे होता.

उंबरगडला सगळं उजवीकडून सुरू होतं. पंगत उजवीकडून वाढतात, गल्लीतली घरं उजवीकडून मोजतात, मेंढरं वाड्यात घेतानासुद्धा उजव्या अंगानं मोजतात. वीस वर्षं मी सांगत आलेय, पहिल्या शेगडीवर दूध आहे, बघ. आणि वीस वर्षं हा माणूस दुसरीकडे जाऊन उभा राहतो आणि दूध उतू जातं. मी हसायचे, माहेरी गंमत म्हणून सांगायचे. पण हेच खूळ त्याच्याबरोबर भ्रूणशाळेतही आलं असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. एवढी शिकलेली बाई मी.

"तू उजवी बशी काढलीस," मी म्हटलं.

"तू पयला म्हणालीस, मी पयला काढला."

"माझा पहिला डावीकडचा होता, शिरगे."

त्यानं ते दोन कागद शेजारी शेजारी लावून बघितले. मग त्यानं आपला कागद फाडला, नवा घेतला, आणि डावीकडे एक लिहिला.

"ह्यो बघ. झालं. कुणाला काय कळत न्हाई."

"म्हणजे थोरली उर्मिला आहे."

"तुमच्यात. आमच्यात रणधीरच थोरला. वर रणधीर, खाली उर्मिला, मग छत्र फाटलं. नाका बंद. अण्णा शहाऐंशीचं हायत, वासंती. परसाकडं न्यायला बी माणूस लागतंय. दर शनिवारी मी वर जातो म्हणून ते तग धरून हायत. वर्षातनं आठ दिवसात काय करू मी? त्यांना खाली आणायचं म्हटलं तर ते समुद्राचा वारा नको म्हणत्यात, तुला ठावं हाय."

सासऱ्यांचा हट्ट मला ठाऊक होता. आणि आमच्यासारखी जोडपी दोन्ही बाजूंना मिळून चाळीस हजार आहेत, हेही ठाऊक होतं. शिवाय शंखवेळेतले काही पुढारी कधीपासून वेगळं छत्र मागतायत. त्यांच्या हातात अकरा वर्षांचं पोर पडणार, आणि कागदोपत्री सज्ञान, म्हणजे वर कुणी पालक नेमायला नको.

"बरं," मी म्हटलं. "नोंद खरी म्हणेन."

"शब्द?"

"शब्द."

मध्यकचेरी घाटाच्या ऐन खिंडीत आहे. इमारत अर्धी त्यांची, अर्धी आमची. सभागृहाच्या फरशीत मधोमध पितळी पट्टी बसवलेली, दोन्ही बाजूंना दोन दारं. आधी शंखवेळेच्या साक्षीदाराला बोलावणार होते. दौलतला पलीकडच्या खोलीत बसवलं आणि मी आमच्या बाजूच्या ओसरीवर बाकावर बसले. शेजारी एक मुलगी येऊन बसली. मोठा पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, वडील गेल्यानं कपाळ रिकामं. मी उठायला लागले तर तिनं हातानं बसा म्हटलं.

"तुम्ही वासंती शिरगे ना? मला ज्या टाकीत ठेवलं होतं ती तुमच्याकडे होती."

"होय, ताईसाहेब."

"कशी होती?"

"माझ्या कमरेएवढी. खोली लहान होती, खिडकी नव्हती. दर सोमवारी मी टाकी भरायला यायचे."

"सुट्टी असली तरी?"

"दिवाळीलासुद्धा. एकदा ताप होता तर रिक्षानं आले होते."

ती पाय हलवू लागली. "आईसाहेब म्हणतात, एका वेळी एकालाच जन्म देता आला असता. ते मला कळतं. पण मग मलाच का ठेवलं? दादाला का नाही?"

तुमचा नंबर दुसरा होता, एवढंच म्हणायचं होतं. आत जाऊन शपथेवर हेच म्हणणार होते. पण त्या पोरीसमोर ते तोंडातून निघेना. दहा वर्षं मी ती टाकी राखली होती. पातळी दोन बोटं उतरली तरी जीव खालीवर व्हायचा. आता त्याच जिवाला तोंडावर खोटं सांगायचं होतं, आणि तेसुद्धा तिचं पहिलं खरंखुरं गाऱ्हाणं ऐकल्यावर. मी काही बोलायच्या आत शिपायानं माझं नाव पुकारलं.

आत जाताजाता मला सुचलं, आणि मला वाटलं, देवच पावला. आमच्या कायद्यानं उर्मिला सज्ञान. सज्ञान माणसाला हक्क सोडताही येतो. मी खरं सांगायचं, गादी तिच्याकडे जाईल, ती भावासाठी हक्क सोडेल, दोन मिनिटांत छत्र पुन्हा एक. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. अकरा वर्षांच्या कुठल्या मुलीला राज्य हवंय?

पट्टीच्या आमच्या बाजूला आमचे दिवाण सदानंद कोचरेकर बसले होते, पलीकडे उंबरगडचे दिवाण. रणधीर पलीकडे, मागच्या रांगेत. उर्मिलाला आमच्या बाजूला आणून बसवलं. कोचरेकरांनी वही माझ्यापुढे ठेवली.

"ही नोंद तुमच्या अक्षरात आहे?"

"होय."

"पहिला भ्रूण प्रथम राणीसाहेबांच्या उदरी गेला, हे खरं आहे?"

"नाही."

कोचरेकरांनी चष्मा काढला. "नीट आठवून सांगा, बाई."

"नीटच आठवतंय. वेळा खऱ्या आहेत. पण मी पहिला म्हणत होते तो डावीकडचा. मिस्टरांनी काढला तो उजवीकडचा. माझी हरकत लिहून घ्या आणि चित्रफीत उघडा."

दौलतला बोलावलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावरून त्याला सगळं कळलं. त्याच्या हातातला कागद, डावीकडे एक लिहिलेला, त्यानं चार घड्या करून खिशात घातला.

"तुम्ही कोणत्या कप्प्यातली बशी आधी काढली?" त्यांच्या दिवाणांनी विचारलं.

मला वाटलं, आता तो मला खोटी पाडणार. पाडलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता.

"उजव्या," तो म्हणाला. "आमच्यात उजवं पयलं असतंय, तुम्हाला सांगायला नको, साहेब."

मोहोर फोडली. भिंतीवर दोन गोल दिसू लागले, प्रत्येकात दोन ठिपके. कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. नऊ दहाला डावीकडचे ठिपके विरले. उजवीकडचे तसेच होते. साडेदहाला तेही गेले. मग दिवसच्या दिवस भराभर सरकले, आणि पाचव्या दिवशी आधी उजवा गोल काळा झाला. डावा त्यानंतर.

"ते डावीकडचं मी?" उर्मिलानं विचारलं.

मी म्हटलं, "होय, ताईसाहेब."

"म्हणजे मी आधी होते."

"होय. ऐंशी मिनिटं आधी. चूक आमची दोघांची."

तिनं मान हलवली. रागावली का मला कळेना. तोवर दोन्ही दिवाणांनी पट्टीवर डोकी जुळवली होती. मला जे सुचलं ते त्यांना माझ्याआधीच सुचलेलं दिसलं, कारण कोचरेकरांच्या पाकिटातून हक्कसोडीचा कागद तयारच बाहेर आला. त्यांनी तो उर्मिलापुढे ठेवला, पेन उघडून दिलं.

"शंखवेळेच्या कायद्यानं आपण बाविशीत आहात. आपली सही कुणालाही नाकारता येणार नाही. इथं सही केलीत की दादासाहेब दोन्हीकडचे राजे. काही बदलणार नाही. आपण वाड्यावर जायचं, शाळा सुरू."

उर्मिला कागद वाचू लागली. ओळीखाली बोट धरून, सावकाश. मी बाकाची कड धरून बसले होते. दौलत पलीकडे उभा, त्याचे ओठ हलत होते. तो कधी देवाला जात नाही, पण तेव्हा काहीतरी पुटपुटत होता.

तिनं पेनाला टोपण लावलं.

"उर्मी," रणधीर मागून म्हणाला. आवाज प्रेमाचाच होता. "सही कर ना. मग जाऊ घरी."

"दहा वर्षं मी थांबले, दादा," ती म्हणाली. "आता थोडं तू थांब."

कोचरेकर वाकले. "ताईसाहेब, आपण अजून लहान आहात. ह्याचे परिणाम..."

"आत्ताच तुम्ही म्हणालात, मी बाविशीत आहे."

कोचरेकरांनी कागद परत घेतला. उंबरगडच्या दिवाणांनी उभं राहून कराराचं कलम वाचलं. दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी छत्र दोन झालं. लेखनिकानं वेळ लिहिली. रणधीर उठून चालत पट्टीपर्यंत आला, पट्टीवर थांबला, बहिणीकडे बघून कसनुसा हसला आणि परत फिरला.

मी फार शहाणी, म्हणून एका पोरीच्या हातून सगळं परत जोडून घेणार होते. ती माझ्या हिशेबात नुसती सहीपुरती होती. दिवाणांच्या आणि माझ्या हिशेबात काही फरक नव्हता, ही लाज मला अजून सोडत नाही.

निघताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही शंखवेळेतच राहाल ना?" ती हळू म्हणाली. "आता सगळे मला काय काय सांगायला येतील. खरं सांगणारं एक माणूस हवंय. दर सोमवारी आलात तरी चालेल."

मी दौलतकडे बघितलं. तो पट्टीच्या पलीकडे होता, दोन हातांवर. चाळीस हजार जोडप्यांपैकी पहिलं आम्ही. शब्द मोडला म्हणून तो काहीही म्हणाला असता तरी मी ऐकून घेतलं असतं.

"राहील ती," तोच म्हणाला. "एकदा हातात घेतलं की सोडत न्हाई."

साक्षीदारांनी आपापल्या दारानं बाहेर पडावं, असं शिपाई सांगू लागला. दौलत पट्टीपाशी आला. त्याचे डोळे लाल होते.

"शब्द दिलावतास," तो म्हणाला.

"दिला होता."

"तिच्या जागी असतो तर मी बी सही केली नसती." त्यानं खिशातला घडी केलेला कागद चाचपला. "नव्वद दिस हायत. आज वरच जातो, अण्णांना विचारतो खाली येता का म्हणून. आले तर..."

अण्णा येणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो उंबरगडच्या दारानं गेला आणि शिपायानं मला दुसरं दार दाखवलं.